झां-लुई त्रँतिन्याँ: दुसऱ्याच्या प्रसंगात बघत राहण्याजोगा नट

मॅटिनी_शो (धागाकर्ता)

एका फ्रेंच नटाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे, पण दर वेळी गाडी एकाच जागी अडते. त्याचं नेमकं काय आवडतं ते सांगता येत नाही. त्याच्याच पिढीतल्या बेलमाँदोचं सांगता येतं: वाकडं नाक, ओठात सिगारेट, छपरांवरून मारलेल्या उड्या. आलँ देलाँचं तर सांगावंच लागत नाही, फोटो पुढे केला की काम झालं. झां-लुई त्रँतिन्याँचा फोटो दाखवला तर समोरचा म्हणतो, "बरा आहे की. बँकेत होता का?"

मी त्याला पहिल्यांदा पाहिला तो फिल्म सोसायटीच्या खेळात, 'झेड' (१९६९) मध्ये. जवळजवळ निम्मा सिनेमा होईपर्यंत हा पडद्यावर धड येतच नाही. तोवर विरोधी नेता झालेला इव्ह मोंताँ येऊन, भाषण करून, डोक्यावर घाव बसून गेलेलासुद्धा असतो. मग रंगीत काचांचा चष्मा लावलेला एक तरुण न्यायाधीश येतो आणि हळू आवाजात प्रश्न विचारायला लागतो. आवाज चढत नाही, हात हलत नाहीत. आणि आमच्या हॉलमधली खुर्च्यांची करकर थांबली. याच भूमिकेसाठी त्याला त्या वर्षी कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, हे मला फार नंतर कळलं.

जन्म ११ डिसेंबर १९३०, दक्षिण फ्रान्समध्ये व्होक्लूज भागातल्या पियोलांक गावी. वडील कारखानदार, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत. पुढे ते पाँ-सँ-एस्प्री गावाचे महापौरही झाले. आईची गोष्ट मात्र उलटी. तिचे एका जर्मन सैनिकाशी संबंध होते, आणि फ्रान्स जर्मनांकडून मुक्त झाल्यावर गावोगाव अशा बायकांची मुंडणं झाली त्यात तिचंही झालं. हे त्यानं स्वतःच म्हातारपणी मुलाखतीत सांगितलं. चौदाएक वर्षांच्या पोराच्या घरात एक वीर आणि एक गुन्हेगार, आणि दोघंही आपलेच. 'द कन्फॉर्मिस्ट' पाहताना हे माहीत असेल तर सिनेमा वेगळाच दिसतो. त्याच्याकडे येतोच.

पोरगा एक्स-आँ-प्रोव्हान्सला कायदा शिकायला गेला. तिथे शार्ल द्युलँ या जुन्या रंगकर्मीचा 'कंजूष' पाहिला, मोलिएरचा, आणि कायदा सुटला. १९५० च्या सुमारास पॅरिस. द्युलँच्या शाळेत आणि तानिया बालाशोवाकडे नाटकाचं शिक्षण. मूळचा इतका लाजाळू की नट होण्यापेक्षा दिग्दर्शक व्हावं म्हणून सिनेमाच्या शाळेतही नाव घातलं होतं. (पुढे दोन सिनेमे दिग्दर्शित केलेही, १९७३ आणि १९७९ मध्ये. ते फारसे चालले नाहीत आणि मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.) दक्षिणेचा हेल घालवायला त्याला बरीच घासाघीस करावी लागली. आपल्याकडे कोल्हापूरच्या पोरानं पुण्यात येऊन नाटकात काम मागावं, तसंच म्हणा.

१९५६ मध्ये रोजे वादिमच्या 'अँड गॉड क्रिएटेड वूमन'नं ब्रिजित बार्दो जगभर गाजली. त्यात तिचा भोळा, तरुण नवरा हा. वादिम तेव्हा बार्दोचा खरा नवरा, आणि चित्रीकरणात बार्दोचं जुळलं ते याच्याशी. वर्तमानपत्रांना आयतंच खाद्य. मग सैन्यसेवेचं बोलावणं आलं, काळ अल्जीरियाच्या युद्धाचा. परत आला तेव्हा बार्दो प्रकरण संपलेलं होतं, आणि त्याला पुन्हा पहिलं मोठं काम कुणी द्यावं? वादिमनंच. फ्रेंच लोकांचं काही सांगता येत नाही.

पुढचं मात्र बैजवार सांगतो.

'इल सोरपासो' (१९६२). इटलीतला सिनेमा, दिग्दर्शक दिनो रिझी. पंधरा ऑगस्टची इटलीतली सुट्टी, रोम ओस पडलेलं, हा कायद्याचा विद्यार्थी घरी अभ्यास करत बसलाय. खाली रस्त्यावर एक बडबड्या इसम (व्हितोरियो गास्मान) उघड्या गाडीतून येतो, "एक फोन करू का?" म्हणतो आणि याला दोन दिवस गावभर फिरवतो. सगळा सिनेमा गास्मानचा. तो नाचतो, पोरी पटवतो, हॉर्न वाजवतो. हा शेजारच्या सीटवर अंग चोरून बसलेला, आणि मनातल्या मनात स्वतःशी बोलणारा. काय तो आवाज! हळूहळू त्याला मजा यायला लागते, आणि त्या मजेचीच भीती वाटते. शेवटी गाडी कड्यावरून जाते, हा मरतो, आणि पोलीस नाव विचारतात तेव्हा गास्मान म्हणतो की नाव रोबेर्तो, आडनाव माहीत नाही, कालच सकाळी ओळख झाली. या एका वाक्यासाठी मी तो सिनेमा चारदा पाहिलाय.

'अ मॅन अँड अ वूमन' (१९६६), क्लोद ललूशचा. दोविलचा समुद्रकिनारा, दोन विधुर-विधवा, बोर्डिंग शाळेतली मुलं, पाऊस. कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार, दोन ऑस्कर. याच सिनेमानं त्याला घराघरांत नेलं. अर्धा रंगीत, अर्धा कृष्णधवल आहे त्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. खरं कारण पैसे नव्हते.

'माय नाइट अॅट मॉड्स' (१९६९), एरिक रोमेरचा. नाताळ, बर्फ, क्लेर्माँ-फेराँ, एक कर्मठ कॅथलिक इंजिनिअर एका सुंदर घटस्फोटितेच्या घरी रात्रभर पास्काल या जुन्या तत्त्वज्ञावर गप्पा मारतो. होय, पास्कालवर. याच्या तारखा मिळेनात म्हणून रोमेर वर्षभर थांबला, कारण सिनेमा नाताळातच व्हायला हवा होता.

आणि 'द कन्फॉर्मिस्ट' (१९७०). दिग्दर्शक बेर्तोलुच्ची, नायक फॅसिस्ट. सगळ्यांसारखं व्हायचंय, बस, एवढीच इच्छा असलेला माणूस. त्यासाठी लग्न करतो, पक्षात जातो, आणि आपल्याच जुन्या प्राध्यापकाच्या खुनाच्या कामगिरीवर पॅरिसला जातो. शेवटाकडे बर्फाळ जंगलात एक बाई त्याच्या मोटारीच्या काचेवर हात आपटत किंचाळते, आणि हा काचेच्या आत बसून तिच्याकडे बघतो. दार उघडत नाही. मानही फिरवत नाही. मी अनेक नटांना रडताना, ओरडताना, मरताना पाहिलंय. पण काहीही न करण्याचं इतकं भयंकर काम कुणी केलेलं पाहिलं नाही. याच सिनेमाच्या वेळी, १९६९ मध्ये, रोममध्ये त्याची तान्ही मुलगी पोलीन पाळण्यातच गेली.

नंतरचं 'थ्री कलर्स: रेड' (१९९४), 'आमूर' (२०१२) वगैरे प्रतिसादांत येईलच. १७ जून २०२२ ला तो गेला, ९१ व्या वर्षी. तुम्ही काय काय पाहिलंय?

---

दुपारची_झोप

पहिला! लेख झकास. पण स्पॉयलर म्हणून काही चीज असते मॅटिनीशेठ. 'इल सोरपासो' गेली दोन वर्षं माझ्या यादीत होता. आता कड्याची वाट बघत बघणार.

मॅटिनी_शो

चुकलंच. पण साठ वर्षं झाली हो त्या सिनेमाला! शिवाय नाव 'ओव्हरटेक' असलेल्या सिनेमात गाडी कुठे जाणार?

---

अनुस्वार

गेली अकरा वर्षं फ्रान्समध्ये लिओंला आहे, म्हणून दोन बारीकसारीक गोष्टी.

नावाचा उच्चार बरोबर लिहिलात याबद्दल आधी आभार, 'ट्रिंटिग्नंट' वाचून वाचून डोळे दुखले होते. त्रँ-ति-न्याँ. शेवटचा त गिळायचा.

दुसरी जरा वाईट बातमी. 'इल सोरपासो'तल्या त्या मनातल्या बोलण्याच्या आवाजावर तुम्ही भाळलात, तो त्याचा नाही. त्या काळी इटलीत सगळंच नंतर ध्वनिमुद्रित करत, आणि परक्या नटांना इटालियन नट आवाज देत. 'द कन्फॉर्मिस्ट'मध्येही तेच. फ्रेंच आवृत्ती शोधून बघा, त्यात तो स्वतः बोलतो आणि माणूसच बदलतो.

आणि आवाजावर बोलायचंच तर त्याचा खरा आवाज ऐकायचा तो कवितांमध्ये. अपोलिनेर, प्रेव्हेर, देस्नोस, बोरिस व्हियाँ. उतारवयात तो जवळजवळ तेच करत होता, रंगमंचावर एकदोन वादक सोबतीला घेऊन कविता म्हणायच्या. जराशी खरखर, शब्दाच्या शेवटी किंचित हसू, आणि प्रत्येक ओळ आत्ताच सुचल्यासारखी. फ्रेंच येत नसेल तरी ऐका.

मॅटिनी_शो

अरे देवा. वीस वर्षं मी भलत्याच माणसाच्या आवाजावर जीव टाकतोय. चूक मान्य. मूळ लेखात बदलत नाही, राहू दे तशीच, लोकांना हसायला.

---

झणझणीत

मी विरुद्ध मत नोंदवतो, राग मानू नका.

मी याचे तीन सिनेमे पाहिलेत: 'अ मॅन अँड अ वूमन', 'मॉड' आणि 'झेड'. तिन्हींत एकच चेहरा. माशी हलत नाही. समीक्षक याला 'संयत' म्हणतात, आमच्या गावात 'ठोकळा' म्हणतात. 'अ मॅन अँड अ वूमन' तर दोन तास गाडीचे वायपर आणि मागे ते शबादाबदा गाणं. नायिका आनूक एमेसाठी बघितला, खोटं कशाला बोलू.

आता तर कळलं की आवाजही दुसऱ्याचा. मग राहिलं काय? काचेआड बसायला कुणीही चालेल की.

मॅटिनी_शो

काचेआड बसून बघा एकदा. कॅमेरा लावून. मग बोलू.

(आणि पूर्ण दोन तास नाहीये तो, पावणेदोनच्या आतच आहे. वायपर धरून.)

दुपारची_झोप

झणझणीत, 'ठोकळा' हे तुम्ही शिवी म्हणून दिलंत, पण त्याला 'द ग्रेट सायलेन्स'मध्ये (१९६८) याहून मोठा सन्मान मिळालाय. सेर्जो कोर्बुच्चीचा वेस्टर्न, वाळवंटाऐवजी सगळीकडे बर्फ, आणि आपला नायक चक्क मुका! लहानपणी गळा चिरलेला, त्यामुळे सिनेमाभर एक अक्षर नाही. समोर क्लाउस किन्स्की सोनेरी केसांचा गोडबोल्या खलनायक. संगीत मोरिकोने. शेवट सांगत नाही (बघा, अशी असते सभ्यता), पण मी रात्री दीडला टीव्ही बंद करून नुसता बसून राहिलो होतो.

---

गिअरबॉक्स

मोटारींचं कुणी काही लिहीतच नाहीये! मूळ लेखात उघडी गाडी, मोटारीची काच, वायपर, सगळं आलं, पण गाडी कुठली ते नाही. 'इल सोरपासो'तली लान्चिया ऑरेलिया बी२४ आहे, साहेब. आज तिची किंमत ऐकलीत तर फ्लॅट विकावा लागेल.

आता खरी गोष्ट. त्रँतिन्याँ हे आडनाव मोटारवाल्यांना सिनेमाच्या आधीपासून ठाऊक आहे. याचा सख्खा काका मोरिस त्रँतिन्याँ. फॉर्म्युला वनची मोनाको शर्यत दोनदा जिंकला, १९५५ आणि १९५८. १९५४ ची चोवीस तासांची ल मां शर्यत फेरारीत जिंकला, जोडीदार गोन्सालेसबरोबर. दुसरा काका लुई, मोरिसचा थोरला भाऊ, तोही शर्यतपटू, १९३३ मध्ये सरावातच गेला.

मोरिसचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. युद्धाच्या काळात त्यानं आपली बुगाटी एका कोठारात लपवून ठेवली. १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर पॅरिसला पहिली शर्यत झाली, हा गाडी घेऊन गेला, आणि गाडी मध्येच बंद. उघडून बघतात तर इंधनाच्या गाळणीत उंदराच्या लेंड्या! तेव्हापासून त्याचं टोपणनाव 'ल पेतुले', म्हणजे लेंडीवाला. आणि गड्यानं पुढे द्राक्षं लावून वाइन काढली तिला हेच नाव दिलं. याला म्हणतात खिलाडूवृत्ती.

तर पुतण्या या घरातला. 'अ मॅन अँड अ वूमन'मध्ये तो शर्यतपटू आहे तो उगाच नाही. ललूशच्या मनात आधी नायक डॉक्टर होता, गाड्यांची कल्पना यानंच पुढे केली. माँते कार्लो रॅलीत १८४ नंबरची पांढरी मस्टँग. रॅली संपते, आनूक एमेची तार येते, आणि हा न झोपता मस्टँग हाणत अख्खा फ्रान्स ओलांडून तिच्याकडे निघतो. ती रात्रभराची ड्रायव्हिंग बघा, स्टेअरिंगवर हात असलेला माणूस खरा आहे हे कळतं. वाटेत तो स्वतःशीच घोकत असतो, भेटल्यावर काय बोलू, किती वाजता पोचेन, ती झोपली असेल का. झणझणीतराव, वायपर विसरा, हे बघा.

आणि हौस पडद्यापुरती नव्हती. १९८० च्या ल मांमध्ये तो पोर्शे ९३५ घेऊन खरोखर उतरला होता, वय ४९. नंतरची बायको मारियान एपनेर, तीही रॅली चालक.

झणझणीत

हा प्रतिसाद मात्र आवडला. काका भारी आहे. काकावर धागा काढा.

---

सेवानिवृत्त_लघुलेखक

नमस्कार. मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक होतो. सिनेमातलं फारसं कळत नाही, पण मुलानं लॅपटॉपवर 'झेड' लावून दिला, त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे पोलीस तपास करतात आणि कागद न्यायालयात येतात. फ्रान्समध्ये, आणि त्या वेळी ग्रीसमध्येही, गंभीर गुन्ह्यांचा तपासच एका न्यायाधीशाकडे असतो. आरोपीच्या विरुद्धचा पुरावा आणि बाजूचा पुरावा, दोन्ही त्यानंच गोळा करायचा. त्यामुळे सिनेमातला हा तरुण माणूस सरकारचाच आहे, विरोधकांचा नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे. सुरुवातीला तो शहीद झालेल्या नेत्याच्या माणसांवरही विश्वास ठेवत नाही. साक्षीदारानं 'खून' म्हटलं की तो थांबवतो. 'घटना' म्हणा, म्हणतो. हे मला फार खरं वाटलं. आमचे एक साहेब असेच होते. सिद्ध होईपर्यंत तो शब्द टंकायचा नाही.

आणि मग कधीतरी, फार पुढे, त्याच्याच तोंडून 'खून' हा शब्द जातो. तो दचकत नाही, आवाज तोच. पण समोर बसलेल्या कारकुनाला आणि आपल्याला कळतं की आता हा मागे फिरणार नाही. मी आयुष्यभर असे आवाज ऐकून लिहून घेतलेत. ज्याला खरंच काही ठरवायचं असतं तो मोठ्यानं बोलत नाही.

शेवटी एकेक बडा अधिकारी पदकं लावून आत येतो. याचा एकच प्रश्न: नाव, आडनाव, व्यवसाय. मागे टंकयंत्राची खडखड. लोक म्हणतात तिथे संगीत छान आहे. मला तर ते टंकयंत्रच पुरलं.

मॅटिनी_शो

काका, नुसता हा प्रतिसाद आला तरी धाग्याचं सार्थक झालं. थोडी भर घालतो. ही खरी घटना आहे. १९६३ मध्ये थेसालोनिकीला ग्रिगोरिस लाम्ब्राकिस या खासदारावर हल्ला झाला, त्यात ते गेले. तपास करणारा खरा न्यायाधीश ख्रिस्तोस सार्तझेताकिस. १९६७ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, आणि पुढे त्यालाच नोकरीवरून काढून तुरुंगात टाकलं. लष्कराच्या राजवटीमुळे सिनेमा ग्रीसमध्ये काढणं शक्यच नव्हतं, अल्जीयर्समध्ये काढला. आणि गंमत म्हणजे हा सार्तझेताकिस १९८५ मध्ये ग्रीसचा राष्ट्राध्यक्ष झाला.

सई_सांजवेळ

'झेड' ज्या कादंबरीवरून काढला, तिच्यावरूनच दिबाकर बॅनर्जींनी २०१२ मध्ये 'शांघाय' केला. न्यायाधीशाच्या जागी अभय देओलचा आयएएस अधिकारी. तोही हळू बोलणारा, नाकासमोर चालणारा. तो मी आधी पाहिला होता आणि मला वाटायचं ही कल्पना आपल्याकडचीच आहे, इतकी ती इथली वाटते.

---

सई_सांजवेळ

आता 'आमूर'बद्दल. बरेच दिवस टाळत होते.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा कुणीतरी मला म्हणालं, हा सिनेमा बघ, बरं वाटेल. ज्यानं सांगितलं त्यानं बघितलेला नसावा. मी पंचवीस मिनिटांत बंद केला. आई गेल्यानंतर दीड वर्षानं पुन्हा लावला आणि पूर्ण पाहिला.

दोघं निवृत्त संगीतशिक्षक, पॅरिसमधलं पुस्तकांनी भरलेलं घर. तिची उजवी बाजू जाते. ती म्हणते, मला पुन्हा दवाखान्यात नेऊ नकोस. पुढचा सगळा सिनेमा त्या घरातच. एमान्युएल रिव्हा तेव्हा ८५ वर्षांच्या होत्या, त्यांच्या कामाबद्दल सगळे लिहितात, लिहायलाच हवं. पण मी बघत होते त्याच्याकडे. खुर्चीतून तिला उचलायचं असतं तेव्हा तो तिच्या काखेतून हात घालतो, दोघं एक क्षण मिठीत उभे राहतात, मग तो छोटी छोटी पावलं टाकत तिला वळवतो. हे मी रोज केलंय. त्या क्षणी तोंडावर येतो तो भाव प्रेमाचा नसतो. 'पडू नको, माझी पाठ धरलीये' असा असतो. त्याच्या तोंडावर अगदी तोच होता.

आणि तो चांगला नाहीये, हे मला फार बरं वाटलं. ती पाणी थुंकते तेव्हा तो तिला थोबाडीत मारतो. मग लगेच माफी मागतो. आमच्याकडे ब्यूरोतून आलेल्या एका मावशींना मी असंच तोडून बोलून काढून टाकलं होतं, त्यात माझीही चूक होती. सिनेमात तोही एका नर्सला घालवतो, आणि ती जाताना त्याला शिव्या देऊन जाते. लोक मला 'किती केलंस गं आईचं' म्हणायचे. मला ते ऐकवत नसे. सिनेमात त्याची मुलगी, इझाबेल ह्युपेर, येते, रडते, सल्ला देते, जाते. तो तिच्याशी इतक्या सभ्यपणे वागतो की ती दाराबाहेर आहे हे तिलाच कळू नये.

शेवट लिहीत नाही.

दुपारची_झोप

सईताई, काही लिहायला सुचत नाहीये. वाचलं, एवढंच सांगतो.

अनुस्वार

सई, ही भूमिका दिग्दर्शक मिखाएल हानेकेनं त्रँतिन्याँसाठीच लिहिली होती. तोवर त्रँतिन्याँनं सिनेमा जवळजवळ सोडलेला होता. कानला सर्वोच्च पुरस्कार, ऑस्कर, आणि त्याला ८२ व्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सेझार, म्हणजे फ्रान्सचं ऑस्करच.

सिनेमा का सोडला होता हे इथे कुणीतरी सांगायला हवं. त्याची मुलगी मारी, तीही नावाजलेली अभिनेत्री. बापलेक मिळून रंगमंचावर अपोलिनेरची 'लू'ला लिहिलेली प्रेमपत्रं-कविता वाचायचे. २००३ च्या जुलैमध्ये ती लिथुआनियात व्हिल्नियसला चित्रीकरणाला गेली होती, दिग्दर्शक तिचीच आई नादीन. तिथे तिचा जोडीदार, गायक बेर्त्राँ काँता, यानं तिला बेदम मारलं. १ ऑगस्टला ती गेली. वय ४१. त्रँतिन्याँनं नंतर अनेकदा सांगितलं की त्या दिवशी आपणही संपलो.

झणझणीत

वाचलं होतं. ते प्रेमप्रकरणातून झालं ना? तेव्हा पेपरात तसंच काहीतरी होतं.

सई_सांजवेळ

'प्रेमप्रकरणातून' नाही. मारून. पेपरांनी तेव्हा तसं छापलं हाच तर राग आहे. काँताला आठ वर्षांची शिक्षा झाली आणि २००७ मध्ये तो सशर्त सुटूनही आला.

झणझणीत

बरोबर आहे तुमचं. शब्द मागे घेतो.

अनुस्वार

आणि पुढचं ऐका. २०११ मध्ये आव्हिन्यों नाट्यमहोत्सवात त्रँतिन्याँचं काव्यवाचन ठरलं होतं. त्याच महोत्सवात काँता एका नाटकात गाणार असं जाहीर झालं. हा म्हातारा म्हणाला, मग मी येत नाही. पत्रकार परिषद नाही, आरडाओरडा नाही. शेवटी काँताच आव्हिन्योंला आला नाही.

त्रँतिन्याँनं नंतरची वर्षं दक्षिण फ्रान्समधल्या युझेसच्या बाजूला काढली. तिथे मित्रांबरोबर एक द्राक्षमळा होता, 'रूज गारांस' नावाची वाइन. काकाचा नाद पुतण्याला लागलाच म्हणायचा. २०१८ च्या सुमारास कर्करोग झाल्याचं त्यानं सांगितलं, आणि त्याच्याशी लढणार नाही हेही. तरी २०१९ मध्ये ललूशनं पुन्हा बोलावलं तेव्हा गेला: तीच आनूक एमे, तेच दोविल, आणि १९६६ मध्ये त्यांची मुलं झालेली तीच दोन पोरं, आता पन्नाशी ओलांडलेली. हा वृद्धाश्रमात, विसरभोळा, आणि समोर बसलेल्या तिलाच त्या जुन्या बाईबद्दल सांगतो. सिनेमा म्हणून बेताचाच आहे. पण एका बाकावर ती दोघं बसलीत आणि तो तिच्याकडे मिश्किल बघतोय, तेवढं मी पुन्हा पुन्हा बघते.

---

गिअरबॉक्स

'रेड'वर अजून कुणीच नाही? जिनिव्हातला निवृत्त न्यायाधीश, शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणारा. 'झेड'मधलाच माणूस पंचवीस वर्षांनी, निवाडे देऊन देऊन कंटाळलेला, असं समजून बघा. कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडलेल्या नटाला लोकांनी वकील आणि न्यायाधीशच करून टाकलं. दिग्दर्शक किएस्लोव्स्कीचा हा शेवटचा सिनेमा, हे जाता जाता. शेजारी खिडक्यांवर दगड मारतात तेव्हा तो काचा वेचत नाही, दगड पियानोवर ओळीनं मांडून ठेवतो.

सेवानिवृत्त_लघुलेखक

हा पाहायला हवा. निवृत्त न्यायाधीशांना फोन ऐकायची गरज पडत नाही, सवयीनं भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. मुलाला सांगतो लावायला.

---

झणझणीत

पाच दिवसांनी आलोय. 'द कन्फॉर्मिस्ट' पाहिला, अनुस्वारताईंनी सांगितली तशी फ्रेंच आवृत्ती मिळाली नाही, इटालियनच.

मत सांगतो. पहिला तासभर ठोकळाच. चालतो पण कसा, टोपी धरून, चाव्या दिलेल्या बाहुल्यासारखा तुरुतुरु. हसूच आलं. मग नाचाचा प्रसंग आला: सगळे हात धरून साखळी करतात, त्याच्याभोवती गोल गोल फिरत येतात, आणि हा मधे अडकतो. ज्याला जन्मभर सगळ्यांसारखं व्हायचंय, त्याला सगळ्यांनी घेरलंय, आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. तिथे मी जरा सरळ बसलो.

गाडीच्या काचेचा प्रसंग दोनदा मागे घेऊन पाहिला. पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा त्याच्याकडे. मॅटिनीशेठ, तो 'काहीच करत नाही' असं तुम्ही लिहिलंत ते चूक आहे. त्याला दार उघडायचंय. आणि तो उघडत नाही. दोन्ही दिसतं.

तरी 'मॉड' कंटाळवाणाच आहे, त्यावर मी ठाम.

मॅटिनी_शो

'मॉड'वर वेगळा धागा काढतो. तिथे भांडू.

दुपारची_झोप

काकावरचा धागा आधी.